आठ टक्क्यांची वस्ती

चाकण
१८ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

सलाम, नमस्कार, जय भीम, जे लागू पडेल ते घे आणि आधी नीट बस. अगं, काय पाठवलंयस तू हे?

सकाळी तुझी फाईल उघडली. आठ एमबीची, अगदी शहाण्या लेकरासारखी. पडद्यावर इतकी छान दिसली की अब्बांना हाक मारून दाखवली. खाली आजच्या कंपन्या, रस्ते, शेड, सगळं राखाडी. वर कंपन्या यायच्या आधीच्या पिंपळखोऱ्याची शेतं रंगीत काचेसारखी अंथरलेली. आत्ताच्या ट्रक-यार्डातून कुणाचा तरी ऊस डोकावतोय. अब्बा म्हणाले, "हे हातानं रंगवायला मला एक पावसाळा लागला असता." गुलजार पेंटरकडून एवढी तारीफ मला आजवर मिळालेली नाही, तुला फुकटात मिळाली.

मग मी प्रिंट दिली. दहा फूट बाय सहा फूट. चहा पिऊन आलो, मशीन गप्प. जेवून आलो, तरी गप्प. कम्प्युटरवर बघितलं तर आठ एमबीच्या फाईलचं प्रिंटिंगचं काम बारा जीबी झालेलं! मी डोळे चोळले. आकडा चुकला असेल म्हणून परत दिली. मशीन जे लटकलं ते अजून उठलेलं नाही. समोर तीन लग्नांचे फ्लेक्स अडकलेत आणि एक नवरदेव दुकानात येऊन बसलाय.

फोन करणार होतो, पण दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे. कामाचं जे काही ते मेलवर. फोनवर बोललेलं कुणाला आठवत नाही आणि शेवटी भांडण प्रिंटवाल्याशी होतं. कॉलेजची मैत्रीण म्हणून तुला सूट नाही.

पिंपळखोऱ्याच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन नऊ मार्चला आहे आणि नकाशा तिथल्याच भिंतीवर लागायचाय. कमिटीचे अध्यक्ष सोपानराव रोज विचारतात. काय करू ते सांग.

मोईज

*

पिंपरी
१९ फेब्रुवारी २०२५

मोईज,

बारा जीबी? मी तीनदा वाचलं. हिंजवडीच्या गाडीत होते, वाकडच्या पुलावर अडकले होते, आणि मोठ्यानं "काय!" म्हणाले. शेजारची झोपलेली बाई दचकून उठली.

दोष त्या पारदर्शक रंगांचा असणार, बरोबर ना? पण मोईज, ते घालवू नकोस. त्या नकाशात तेच तर आहे. आजची कंपनी आणि कालचं शेत एकाच जागी दिसायला हवं. रिझोल्युशनही कमी करू नकोस, नाहीतर विहिरींची आणि बांधांची बारीक नावं फुटतील.

आता तुला एक सांगते, म्हणजे तू हे काम लग्नाच्या फ्लेक्ससारखं करणार नाहीस. नकाशाच्या उजव्या बाजूला सोपानरावांचा मोठा मळा आहे, हिरवा. त्याच्या आत ओढ्याच्या कडेला एक निळा तुकडा आहे. ती आमची वस्ती. सरकारी नकाशात तिला वेगळा नंबरच नव्हता, कागदावर सगळं मळ्यातच धरलेलं. एमआयडीसीनं जमीन घेतली तेव्हा मळ्याचं नाव राहिलं, वस्तीचं कुठेच आलं नाही. लोक रस्त्यापलीकडे गेले, आम्ही पिंपरीत आलो. माझे वडील कंपनीत लागले आणि गाव सुटलं ते सुटलंच.

दिवाळीनंतर मी आजोबांना घेऊन तिथं गेले. कंपनीच्या भिंतीकडेनं चालत ते मला दाखवत होते, इथं समाजाची विहीर, इथं चिंच, इथवर आपली घरं. मी फोनवर खुणा करत गेले आणि त्यावरून तो तुकडा काढला. पिंपळखोऱ्याच्या कुठल्याही नकाशात ती वस्ती पहिल्यांदाच येतेय. ज्ञानदेव आजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा गेलाय. नऊ तारखेला मी त्यांना भिंतीसमोर उभं करणार आहे. पुढच्या वेळेची वाट बघण्याचं त्यांचं वय नाही.

सगळ्या थरांना मी सारखीच पारदर्शकता दिलीय, पन्नास टक्के. त्यामुळे तुला हिशोब सोपा जाईल.

नवरदेवाला माझ्याकडून चहा पाज.

साक्षी

*

चाकण
२२ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

जमलं! बारा जीबीचं काम चाळीस एमबीवर आणलं आणि मशीननं ते हूं की चूं न करता घेतलं.

गंमत अशी आहे. साधा भरीव रंग असला की मशीनला फक्त कडा सांगाव्या लागतात, इथून इथपर्यंत हिरवा, संपलं. पण रंग पारदर्शक असला की आमच्या मशीनच्या सॉफ्टवेअरला ते झेपत नाही. खालचा आणि वरचा रंग मिसळून काय दिसेल हे ते एकेका ठिपक्याला काढत बसतं. तुझ्या नकाशात एक कोपरा जरी पारदर्शक असला तरी अख्ख्या पानाचे ठिपके करतं. दहा बाय सहा फुटांचे ठिपके म्हणजे बघ.

म्हणून मी मिसळणं आधीच उरकलं. जिथं जिथं रंगावर रंग आलाय तिथं तुकडा कापला आणि डोळ्याला जो रंग दिसतो तोच त्यात भरीव भरला. दिसायला तसंच, पण पारदर्शक काहीच नाही. तरी तुकडे फार झाले होते. त्यातले जवळजवळ सारख्या रंगाचे शेजारी शेजारी होते, ते सॉफ्टवेअरला सांगून एकात एक मिसळून टाकले. नावं सुईसारखी आलीत.

छोटा नमुना काढून कुरियरनं पाठवलाय. बघून "ओके" लिही, म्हणजे मोठा काढतो. प्रूफवर सही सोपानरावांची लागेल, ऑर्डर कमिटीची आहे.

मोईज

*

पिंपरी
२३ फेब्रुवारी २०२५

मोईज,

वस्ती कुठंय?

कुरियर आलं तेव्हा आजोबा शेजारीच बसले होते. मी नमुना टेबलावर पसरला, त्यांच्या हातात भिंग दिलं, बोट धरून मळ्यापाशी नेलं आणि मीच थिजले. हिरवा. नुसता हिरवा. ओढ्यापासून रस्त्यापर्यंत अख्खा सोपानरावांचा मळा, आत डागसुद्धा नाही. आजोबा भिंग फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या डोळ्याला दिसंना गं. तू बघ, आसंल तिथं." मी काय सांगू त्यांना? मी "हो, आहे" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले.

बाकी सगळं आलंय. सोपानरावांच्या चुलत्याची पडीक जमीन आलीय, जनावरांचा गोठा आलाय, एकेक बांध आलाय. एकच गोष्ट गेली, नेमकी तीच, आणि मी हा अपघात समजू? ऑर्डर कमिटीची, सही सोपानरावांची, रोज येऊन विचारणारे तेच. दुकानात बसून त्यांनी काय सांगितलं तुला? आणि तू केलंस? तू, मोईज? इतर कुणी केलं असतं तर मला एवढा धक्का बसला नसता.

मला सरळ उत्तर दे.

साक्षी

*

चाकण
२४ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

तुझा मेल वाचून मी दुकानाचं शटर खाली घेतलं आणि आत बसून राहिलो. अब्बांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. काय सांगणार? ज्या मुलीबरोबर तीन वर्षं एका ड्रॉइंग बोर्डवर काम केलं, ती म्हणते की मी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिच्या आजोबांची वस्ती पुसली. आमचंही घर चाकणमध्ये चार पिढ्यांचं आहे, साक्षी, आणि आम्हालाही "मूळचे कुठले" म्हणून विचारणारे भेटतात. मी पुसीन?

सोपानरावांनी नमुना अजून बघितलेलाच नाही. त्यांना यात ओढू नकोस.

रागारागात तुझी मूळ फाईल पुन्हा उघडली. म्हटलं, माझ्या हातून झालं कसं ते तरी बघू. चूक माझी आहेच, ती आधी सांगतो. जवळजवळ सारखे रंग एकत्र करायला सांगितले तेव्हा सॉफ्टवेअरनं तुझा निळा तुकडा हिरव्यात धरला आणि गिळून टाकला. मी तपासायला हवं होतं. माफ कर.

पण मग मला प्रश्न पडला की निळा आणि हिरवा जवळजवळ सारखे झाले कसे? तू लिहिलं होतंस की सगळे थर पन्नास टक्के. मी एकेका थरावर क्लिक करत गेलो. सोपानरावांचा मळा पन्नास. चुलत्यांचं पडीक पन्नास. गोठा पन्नास. मारुतीच्या देवळाची इनाम जमीन पन्नास.

तुमची वस्ती आठ.

आठ टक्के, साक्षी. मला वाटलं टाईप चुकलंय, म्हणून बंद करून परत उघडलं. आठच. हिरव्यावर आठ टक्के निळा म्हणजे हिरवाच. मोठ्या पडद्यावर, माहीत असताना, मान तिरकी केली तेव्हा कुठे मला दिसला. फाईलला माझा हात लागायच्या आधीपासून ती वस्ती अशीच होती. सोबत स्क्रीनशॉट जोडलाय.

हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. मलाच कळेनासं झालंय.

मोईज

*

पिंपरी
२ मार्च २०२५

मोईज,

सहा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

तुझा स्क्रीनशॉट बघून पहिली दहा मिनिटं मी तुझ्यावरच ओरडत होते, मनातल्या मनात. म्हटलं, यानंच बदललं असणार आणि आता माझ्या माथी मारतोय. मग माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या प्रती उघडल्या. दर रविवारी मी एक प्रत ठेवत गेले होते.

पहिल्या प्रतीत वस्ती पन्नास आहे. इतकी ठसठशीत निळी की नजर आधी तिथंच जाते. ती मी कमिटीच्या ग्रुपवर टाकली होती. सोपानरावांच्या मुलानं, अजिंक्यनं लिहिलं, "ताई, एकदम भारी. फक्त तो निळा जरा डोळ्यावर येतोय, थोडा फिकट केला तर?" वाईट बोलला नाही रे तो. खाली हात जोडल्याची खूण पण टाकली होती. मी पस्तीस केला आणि त्यानं अंगठा दाखवला. विषय संपला.

त्यानंतर मला कुणी एका शब्दानं काही म्हणालेलं नाही. सगळे मेसेज पुन्हा वाचून काढले. कुणीही नाही. पुढच्या रविवारी पंचवीस आहे. मग अठरा. मग बारा. मग आठ. हे सगळं मी केलंय, माझ्या हातानं, माझ्या घरात, दार लावून. उगाच उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्या कपाळावर आठी नको, एवढंच डोक्यात असणार. असणार म्हणते, कारण मला आठवतच नाही. तुला "सगळे पन्नास" लिहिलं तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. सगळ्यात जास्त हादरले ते यानं.

हिंजवडीतल्या कंपनीत मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून बोलते. आडनाव विचारणाऱ्याला पूर्ण आडनाव सांगते, वर गावही सांगते. मी समजत होते की हे माझ्यातून गेलंय. आणि सोपानरावांवर आळ घेऊन मोकळी झाले! तुझ्यावर घेतला तो तर विचारूच नकोस. तुझी क्षमा मागते, मनापासून.

आता काम. नवी फाईल जोडलीय. मी स्वतः बसून सगळे रंग कापून भरीव केलेत, पारदर्शक काही ठेवलेलं नाही. जुन्या शेतांचे रंग भरीव, आणि आजच्या कंपन्या त्यावर फक्त बारीक राखाडी रेषेनं. फाईल हलकीच राहील. वस्तीचा तुकडा मळ्यातून पूर्ण कापून काढलाय आणि त्यात निळा भरलाय. शंभर टक्के. नावही बाकीच्यांच्याच आकारात टाकलंय.

सोपानराव हे बघून सही करतील का, मला ठाऊक नाही. नाही केली तर नकाशा भिंतीवर जाणार नाही, आणि आजोबांना मी परत "आहे" म्हणू शकणार नाही. तुझ्या धंद्याला यात त्रास होणार असेल तर स्पष्ट सांग, मी दुसरीकडे छापून घेईन. राग धरणार नाही.

साक्षी

*

चाकण
५ मार्च २०२५

साक्षी,

माफी पोहोचली. दुसरीकडे छापायचं पुन्हा काढलंस तर मात्र खरंच भांडण होईल.

रोजे सुरू झालेत, तेव्हा सोपानरावांना चहा मी पाजला आणि मी बघत बसलो. चष्मा लावून त्यांनी प्रूफवर बोट फिरवलं, मळ्यापाशी आले आणि थांबले. चेहरा असा झाला की मला वाटलं यांना घेरी आली.

"हे काय? आमच्या मळ्याला भगदाड पाडलंय!"

मी म्हटलं, "ती वस्ती आहे, सोपानराव. आधीही होती."

"आधी ग्रुपवर फिकट व्हती. तवा आमचा मळा अख्खा दिसत व्हता. तसंच ठिव की, कोण न्हाई म्हणतंय? वस्ती बी राहील, मळा बी राहील."

"फिकट केलं की मशीन घेत नाही."

"म्हंजे?"

मग मी त्यांना बारा जीबीची सगळी कहाणी सांगितली. लटकलेलं मशीन, अडकलेले फ्लेक्स, नवरदेव. एक गोष्ट सांगितली नाही. नुसता तेवढा तुकडा फिकट रंगाचं चित्र करून बसवता आला असता, दहा मिनिटांचं काम आहे. ते मी गिळलं. रोजा आहे, अल्ला माफ करो, पण कुणी विचारलं नाही तर आपण कशाला सांगा?

मी म्हटलं, "मशीनला अर्धं यांचं, अर्धं त्यांचं असं कळत नाही. या तुकड्यात एकच रंग भरता येतो. कुणाचा भरू ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तो भरतो आणि तसं लिहून सही घेतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मला वाटलं, आता उठणार आणि ऑर्डरसकट जाणार. गावची सगळी छपाई आमच्याकडे असते.

मग त्या निळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ऱ्हात तर तेच व्हते."

"मग?"

"मंग मला काय इचारतो? जे ऱ्हात व्हते त्यांचाच भर." पेन मागितलं, सही केली. सही झाल्यावर दारातून मागे वळले. "पर नाव जरा बारीक टाक."

मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नाव तू टाकलंस त्याच आकारात आहे. प्रिंट निघाली, दहा मिनिटांत. आत्ता समोर सुकतेय.

मोईज

*

पिंपरी
१० मार्च २०२५

मोईज,

काल तुला यायला जमलं नाही म्हणून जे घडलं ते लगेच लिहितेय.

नकाशा भिंतीवर बघून माझंच तोंड उघडं राहिलं. दार उघडलं की समोर तोच. आणि उजवीकडे तो निळा. गर्दी आपापली शेतं शोधत होती. "ही आमची विहीर", "अरे हा तर माझा बांध", म्हातारी माणसं पोरांसारखी बोटं लावत होती. वस्तीकडे बघून दोघेतिघे कुजबुजले, एकानं माझ्याकडे बघितलं. तेवढंच.

मी आजोबांना हाताला धरून पुढे नेलं. सांगायची गरजच पडली नाही. ते स्वतःच त्या निळ्यापाशी जाऊन थांबले. ते रडतील असं मला वाटलं होतं, त्यासाठी रुमाल काढून ठेवला होता. ते रडले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि वितीनं माप घेतलं. वस्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळून शेजारच्या एकेका शेताचं. मग पुन्हा वस्तीचं.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू मोठी काढलीस का गं? माझ्यासाठनं?"

"नाही आजोबा. तुम्ही दाखवलंत तेवढीच. मापानं काढलीय."

"खरं सांग. लोक हसतील."

"खरंच मापात आहे. कंपनीच्या भिंतीवरून पण मोजून बघितलंय."

ते परत नकाशाकडे बघायला लागले. त्यांच्या एका डोळ्यानं, मान थोडी पुढे करून. इतका वेळ की मी घाबरले. मग म्हणाले, "एवढी जागा व्हती व्हय आपली? आन् आमी जन्मभर अंग चोरून ऱ्हायलो."

ते कुणाला ऐकवायला बोलले नव्हते. पण सोपानराव मागेच उभे होते, हातात नारळाचं ताट, आणि त्यांनी ऐकलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि तिथंच उभे राहिले.

तेवढ्यात अजिंक्य कॅमेरा घेऊन आला. कमिटीचा नकाशासमोर फोटो काढायचा होता. नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय."

माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे गेला, त्यांना बाजूला घ्यायला. बघ, तेव्हाही गेला. आजोबांनी तो हात हळूच बाजूला केला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"घे की फोटो," ते म्हणाले. "म्या हितंच हाय."

अजिंक्यनं सोपानरावांकडे बघितलं. सोपानराव पुढे आले आणि आजोबांच्या शेजारी, जिथं जागा उरली होती तिथं उभे राहिले. फोटो सोबत जोडलाय.

साक्षी